जास्तीची पत्रावळ

आसगावच्या नाटक मंडळाला नाटक हवं होतं, नाटककार नको होता. पण त्या साली दोन्ही एकाच गाठोड्यात आले आणि मंडळाचा नाइलाज झाला.

धान कापून झालं की आसगावात मंडई, म्हणजे इकडची जत्रा, भरते, आणि मंडईला गावचीच माणसं नाटक करतात. नट गावातले, नट्या नागपूरहून बोलावलेल्या. नाटकंही ठरलेली असायची. पहिल्या अंकात सासू छळायची, दुसऱ्यात दारू सुटायची नाही, तिसऱ्यात सगळे रडायचे आणि लोक समाधानानं घरी जायचे. असली नाटकं पुरवणारा लेखक तिकडे आमगावच्या बाजूचा. गोंदिया वेगळं झालं, जिल्हा तुटला, आणि या गृहस्थानं 'आता आमच्याच जिल्ह्याला पुरत नाही' असं कळवून हात वर केले. मग मंडळाचा सचिव हेमराज एसटीनं भंडाऱ्याला गेला आणि आपल्या शाळासोबत्याकडून, अश्वजित रामटेकेकडून, नवंकोरं नाटक मागून घेऊन आला.

अश्वजित मूळचा आसगावचाच. भंडाऱ्याच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायचा. भूतखेत, नवस, अंगात येणं यावर तो वर्गात तासभर बोलायचा आणि पोरं घंटेकडे कान लावून बसायची. त्याची एक खोड शाळेत सगळ्यांना माहीत होती. हजेरी घेताना तो कधी आडनाव वाचत नसे. 'तू कोणाचा?' हा आपल्याकडचा पहिला प्रश्न, तो त्यानं आयुष्यात कोणाला विचारला नव्हता.

त्याच्या नाटकाचं नाव होतं 'कोसमबोडी'. या नावाचं गाव कुठल्या नकाशात नाही. तिथला तलाव, तलावाची पाळ, तिथला पाटील आणि गोष्ट सांगणारी म्हातारी, सगळं अश्वजितनं आपल्या भाड्याच्या खोलीत बसून उभं केलं होतं. आणि त्या गावाला त्यानं एक आख्यायिका दिली होती. कोसमबोडीचा तलाव खणून झाला, पहिलं पीक आलं, गावजेवण झालं. खणणाऱ्यांना पंगतीत जागा नव्हती. तरी एक माणूस येऊन शेवटच्या पत्रावळीवर बसला. पाटलानं वाढता वाढता थांबून विचारलं, तू कोणाचा? त्या माणसानं पाटलाच्या बापाचं नाव सांगितलं. जेवणं झाली, तो माणूस उठून पाटलाच्या घरी गेला, पाटलिणीनं त्याच्या पायावर पाणी घातलं. खरा पाटील अंगणात उभा राहिला आणि त्याच्याच घरचे कुत्रे त्याच्यावर भुंकले. तेव्हापासून कोसमबोडीत प्रत्येक पंगतीला एक पत्रावळ जास्तीची मांडतात आणि तिच्यावर जो बसेल त्याला कोणी काही विचारत नाही.

ही गोष्ट नाटकातली म्हातारी सांगते. गावकरी घाबरतात, पाटील घाबरतो. आणि अगदी शेवटी, पडदा पडण्याआधी, म्हातारी पुढे येऊन म्हणते, "असं काई घडलं नाई बाप्पाहो. हे आमी रचलं. तुमी इचारू नये म्हून रचलं."

भांडण पेटलं ते या वाक्यावरून.

मंडळाचा अध्यक्ष टेकचंद. त्यांच्या घरात पूर्वी माग होते, आता कापडाचं दुकान होतं. गावाबाहेर तलावाच्या अंगाला त्यांची बंद पडलेली राइस मिल होती, तालमी तिथेच चालायच्या. मिल बंद होऊन वर्षं झाली तरी भिंतींना कोंड्याचा वास होता आणि दुपारी पत्रे तापले की उकड्या धानाची आंबट वाफ कुठून तरी निघायची. पहिलं वाचन संपलं तेव्हा टेकचंदनं पानाची पिंक बाहेर टाकली, तोंड पुसलं आणि म्हणाला, "सर, नाटक झकास हाय. तेवढं शेवटचं वाक्य काढा."

"का?"

"पब्लिकले भूत पायजे. अख्खं नाटक भूत दाखवाचं आन् शेवटी म्हणाचं का भूत नोयतंच. मंग लोक कायले बसले होते?"

"ते भूत नाहीच," अश्वजित म्हणाला. "ते रूपक आहे." भंडाऱ्याला गेल्यापासून तो गावातही पुस्तकी मराठी बोलायचा. राग आला तरच जुनी बोली तोंडात यायची.

"रूपक म्हंजे?"

"म्हणजे जो दुसऱ्याला कोणाचा म्हणून विचारतो तो स्वतःच कोणाचा राहत नाही. एवढंच."

टेकचंद हसला. हसताना त्याचे डोळे हसत नसत. "असं पाहा सर, मी अडाणी मानूस. मले साधं सांगा. तुमच्या त्या कोसमबोडीत हे घडलं का नाई घडलं? घडलं असन त ते भुताचं नाटक, आमी खुशीनं करतो. घडलं नसन, कोनी रचलं असन, त मंग ते नाटक आमच्यावर हाय."

टेकचंद अडाणी मुळीच नव्हता. त्यानं नेमक्या जागी बोट ठेवलं होतं, आणि ते का, हे तिथं बसलेल्यांत त्याला आणि अश्वजितलाच ठाऊक होतं. अश्वजित लहान असताना टेकचंदच्या बापानं, श्यामरावांनी, मळणी झाल्यावर गावाला जेवण दिलं होतं. अश्वजितची आई मंगलाबाई दिवसभर त्यांच्या खळ्यावर राबली होती. दमलेल्या बाईला कोणी तरी बस म्हटलं, ती पोराला घेऊन पंगतीच्या टोकाला बसली. श्यामराव बुंदी वाढत आले. पोरापुढे थांबले आणि त्यांनी विचारलं, "कोनाचा होय रे तू?" पोरानं खणखणीत आवाजात सांगितलं, बाबुलालचा. श्यामराव बुंदी न वाढता तसेच थांबून राहिले. मंगलाबाईनं पोराचं मनगट धरलं, उठवलं आणि घर गाठलं. त्यानंतर ती गावात कुठल्याही पंगतीला बसली नाही आणि मंडईच्या नाटकालाही गेली नाही.

यंदा मात्र तिनं विचारलं होतं, "तुहं नाटक हाय म्हनते. मी येऊ का?"

अश्वजितला एवढंच हवं होतं. आईनं पुढच्या रांगेत खुर्चीवर बसावं आणि त्याच गावाच्या तोंडून ते वाक्य ऐकावं. बाकी शाल, नारळ, टाळ्या गेल्या चुलीत.

"वाक्य राहील," तो म्हणाला.

वाद आठवडाभर चालला. पौनीच्या बाजारातून आलेली माणसंसुद्धा मिलच्या दारात सायकल लावून मत देऊन जायची. कोसमबोडीत हे घडलं असणार, नाही तर पत्रावळ मांडायची रीत आली कुठून, असं एकजण म्हणायचा. दुसरा म्हणायचा, अरे पण गावच खोटं आहे तर त्यात घडणार काय? अश्वजितला आधी गंमत वाटली. मग गंमत संपली. त्याच्यापर्यंत चहा यायचा बंद झाला. नट उशिरा यायला लागले. पाटलाचं काम करणारा कुंदन एकदा त्याच्या देखत म्हणाला, "हे लोक आपल्याच स्टेजवर चढून आपल्यालेच शिव्या देऊन राहिले," आणि कोणी त्याला गप्प केलं नाही. मंडईच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं लेखकाचं नाव सकाळी पुसलेलं असायचं. अश्वजित ते परत लिहायचा. पुन्हा पुसलेलं असायचं.

म्हातारीचं काम करायला नागपूरहून विजयमाला नावाची बाई आली होती. वीस हिवाळे तिनं या भागातली गावं पालथी घातली होती. तिला कोणाच्या बापाशी देणंघेणं नव्हतं. ती म्हणाली, "वाक्य ठेवा का काढा सर, मले काय. पर एक सांगा. म्हातारी खरं सांगते का खोटं? मले ठाव पायजे. खरं सांगाचं असन त डोळे येगळे ठेवा लागते."

"आज ठरवून टाका सर," टेकचंद म्हणाला. "नाई त दुसरं नाटक आणू. हेमराजले पाठवतो आजच्या गाडीनं."

हेमराजनं मान खाली घातली. सगळे अश्वजितकडे बघत होते, आणि त्यातल्या एकाही नजरेत आपुलकी नव्हती. अश्वजितला आईचं नवं लुगडं आठवलं. तिनं ते आठवड्यापासून उशाखाली दाबून ठेवलं होतं, घडी बसावी म्हणून. त्यानं खिशाचं पेन काढलं आणि शेवटच्या वाक्यावर रेघ ओढली.

"घडलं," तो मोठ्यानं म्हणाला. "कोसमबोडीत हे घडलं. खरंखुरं घडलं. झालं समाधान?"

रिकाम्या मिलमध्ये त्याचा आवाज पत्र्यावर आपटून परत आला. टेकचंदनं चहा मागवला. पहिला कप अश्वजितला दिला.

त्याच दुपारी पंगतीचा प्रवेश घ्यायचा होता. पळसाच्या पत्रावळी मांडल्या, नट मांडी घालून बसले. जास्तीच्या पत्रावळीवर येऊन बसणारा पाहुणा हेमराज करायचा. त्याची वेळ आली तरी तो बाजूला उभाच.

"हेमराज, एंट्री आहे तुझी."

"मंग ते कोन बसलं हाय?" हेमराज म्हणाला.

शेवटच्या पत्रावळीवर एक माणूस बसला होता. मान खाली, अंगात मातकट सदरा. तालमीला रिकामटेकडे लोक येऊन बसायचेच, त्यातलाच कोणी पुढे सरकला असावा. अश्वजितनं हातानंच 'चालू द्या' म्हणून खूण केली. प्रवेश संपला, नट उठले, तेव्हा तो माणूस तिथं नव्हता. पत्रावळ मात्र ओली होती आणि तिच्याखाली बोटभर गाळ होता. तळ्याच्या तळाला असतो तसला काळा गाळ, कुजक्या शिंगाड्याच्या वासाचा.

"पत्रा गळते," टेकचंद वर बघत म्हणाला. पाऊस जाऊन महिना उलटला होता.

दुसऱ्या दिवशी तो माणूस पुन्हा होता. येताना कोणाला दिसला नाही. पत्रावळी मांडेपर्यंत जागा रिकामी असायची, आणि मग ती रिकामी नसायची. कुंदनला वाटलं, अश्वजितकडचा असेल. अश्वजितला वाटलं, टेकचंदनं आपल्याला घाबरवायला कोणी तरी बसवलाय. टेकचंदला तेच उलट वाटत असावं, कारण त्यानं अश्वजितला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, चेष्टा बस झाली. तुमच्या मानसाले सांगा."

"माझा नाही तो."

"मंग कोनाचा?"

हा प्रश्न टेकचंदच्या तोंडून सहज निघाला, पण निघाल्यावर त्यानं मिलच्या आत एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. त्या माणसाला विचारायला कोणी पुढे झालं नाही. पहिले दोन दिवस पोरं एकमेकांना ढोसत होती, "जा ना बे, इचार ना." नंतर ढोसणंही थांबलं.

हेमराजनं पाहुण्याचं काम सोडलं. "मी त्या जागेवर बसत नाई," तो म्हणाला. "तो उठून गेल्यावर एकडाव बसून पाह्यलं. बुडाखाली फरशी नाई लागत सर. चिखलात बसल्यावानी खाली खाली जाते."

"तुझ्या मनाचे खेळ आहेत," अश्वजित म्हणाला.

"असन. पर मी नाई बसत."

आणि खरं सांगायचं तर हेमराजची गरजही उरली नव्हती. तो माणूस आपली जागा चोख सांभाळायचा. मान कधी लवकर वर केली नाही, कधी उशिरा उठला नाही. विजयमाला एवढी मुरलेली बाई, पण गोष्ट सांगताना ती त्या बाजूला पाठ करून उभी राहायला लागली. "आता डोळे आपोआप येगळे होते," ती म्हणाली, आणि त्यात अभिमान नव्हता.

मंडईच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम. आसगावच्या मंडळाची यात एक रीत होती. नाटकात कुठं ना कुठं जेवणाचा प्रसंग घालायचाच, आणि रंगीत तालमीला तो प्रसंग खऱ्या अन्नावर करायचा. त्या दिवशी सगळं मंडळ त्याच पंगतीत जेवायचं. रंग लावलेले नट, पेटीवाला, आचारी, बोलावलेले पाहुणे सगळे एका ओळीत बसायचे, आणि जेवता जेवता वाक्यं चालू राहायची. ज्याचं वाक्य अडलं त्याला सगळे हसायचे. हे जेवण झालं की नाटक पक्कं झालं असं मानायचे.

मिलच्या अंगणात भर दुपारी सतरंज्या पडल्या. मोठ्या गंजात भात, लाखोळीचं वरण, वांग्याची भाजी, बुंदी. मंगलाबाई नवं लुगडं नेसून आली. टेकचंद स्वतः पुढे झाला, "या आई, बसा," म्हणाला आणि तिला ओळीत बसवलं. त्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त जागा पंगतीच्या टोकाची होती. तिच्या एका बाजूला अश्वजितसाठी पत्रावळ, दुसऱ्या बाजूला जास्तीची.

अश्वजित उभा राहून प्रवेश बसवत होता. त्यानं वळून बघितलं तेव्हा जास्तीच्या पत्रावळीवर माणूस आलेला होता. उन्हात तो अधिकच साधा दिसत होता. सदऱ्याची किनार ओली होती. मंगलाबाईनं त्याच्याकडे बघितलं, आणि त्याच्या पत्रावळीवर बुंदी आली नाही म्हणून आपल्यातली मूठभर उचलून त्याला घातली.

अश्वजितनं तिकडून नजर काढली आणि विजयमालाला पुढे चला म्हणून खूण केली.

विजयमालानं गोष्ट सांगून संपवली. आता पाटलाचं वाक्य. कुंदन हातात बुंदीचं भांडं घेऊन ओळीनं वाढत आला, त्या माणसापुढे थांबला आणि त्याचं तोंड उघडेना.

"वाक्य, कुंदन," अश्वजित म्हणाला.

कुंदननं भांडं खाली ठेवलं. त्याच्या ओठावरचा रंग घामानं ओघळला होता. "मी नाई इचारत," तो म्हणाला. "मले लेकरं हायेत."

कोणी हसलं नाही. वरणावर साय धरायला लागली होती.

"अरे हे नाटक आहे!" अश्वजित ओरडला. "अक्षरं आहेत कागदावरची. मी लिहिलीत."

"मंग तुमीच इचारा ना सर," टेकचंद पंगतीतून म्हणाला. अगदी गोड आवाजात म्हणाला. "तुमीच लिहिलं. घडलं म्हून तुमीच सांगतलं. आन् घडलं नसन त भ्या कायचं?"

सगळी पंगत अश्वजितकडे बघत होती. आई बघत होती. तो माणूस तेवढा बघत नव्हता, तो आईनं घातलेली बुंदी एकेक दाणा उचलून खात होता. अश्वजितला संताप आला, तो टेकचंदचा होता, पुसलेल्या नावाचा होता, न आलेल्या चहाचा होता आणि आपण मारलेल्या रेघेचा होता. पण टेकचंदवर काढता आला नाही तेव्हा तो सगळा त्या ओल्या सदऱ्याकडे वळला. कोण हा? का बसतो माझ्या आईशेजारी? अश्वजित चार पावलं टाकून त्याच्यासमोर उभा राहिला. त्यानं वाक्य म्हणायचं म्हणून म्हटलं नाही. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. आणि आवाज बाहेर पडला तो त्याचा स्वतःचा वाटला नाही, श्यामरावांचा वाटला.

"कोनाचा होय रे तू?"

मंगलाबाईचा हात पत्रावळीवर थांबला.

त्या माणसानं मान वर केली. चेहरा ओळखीचा नव्हता. पण अनोळखी म्हणावं असंही त्यात काही सापडेना.

"बाबुलाल रामटेक्यांचा," तो म्हणाला. स्वच्छ, पुस्तकी मराठीत म्हणाला.

पंगतीत खसखस पिकली. कुंदनच्या जिवात जीव आला, त्यानं भांडं उचललं. "वा सर!" कोणी तरी म्हणालं. अश्वजितही हसायला गेला.

तो माणूस उठला, अश्वजितला वळसा घालून नटांकडे गेला आणि म्हणाला, "कुंदन, थांबलास ते बरोबर होतं. तसंच थांब उद्या. फक्त भांडं खाली ठेवू नकोस."

"हो सर," कुंदन म्हणाला.

"कुंदन," अश्वजितनं हाक मारली.

कुंदननं डोक्याभोवती हात फिरवला, माशी हाकलावी तसा.

विजयमाला त्या माणसाजवळ गेली. "सर, उद्या मी डावीकडून येऊ का उजवीकडून?" डावीकडून, तो म्हणाला. अश्वजितच्या मनातही डावीकडूनच होतं.

"विजयमालाबाई! हेमराज!"

हेमराज त्याच्याच दिशेनं बघत होता. त्याच्यातून पलीकडे, तलावाकडे.

"बस ना बाबू," मंगलाबाई म्हणाली. "उभा काहून रायला? जेवन थंडं होऊन राह्यलं."

अश्वजितचा श्वास सुटला. तो आईकडे धावला. पण त्याच्या पत्रावळीवर तो माणूस आधीच बसला होता, आणि आई त्याच्याकडे तोंड करून त्याच्या सदऱ्याची ओली बाही चिमटीत धरून झटकत होती. "कुठं भिजून आला बाप्पा," ती म्हणत होती.

"आई. आई, मी हाय ना. इकडं पाय."

तिनं पाहिलं नाही.

आता ओळीत एकच जागा रिकामी होती. आईच्या दुसऱ्या बाजूची. अश्वजित तिथं बसला, कारण तिच्याजवळची तेवढीच जागा उरली होती. खाली सतरंजी होती, तिच्याखाली अंगणाची घट्ट जमीन होती, आणि तरी तो थोडा खाली गेला.

वाढपी आला. न बघता त्यानं त्याच्यापुढे भात घातला, भातावर वरण घातलं. जास्तीच्या पत्रावळीवर वाढायचंच असतं.

टेकचंद शाल आणि नारळ घेऊन उठला. त्यानं त्या माणसाच्या खांद्यावर शाल टाकली. हात जोडले. आणि या वेळी त्याचे डोळेसुद्धा हसत होते.

"सर, झालं गेलं गंगेले मिळालं," तो म्हणाला. "आता नाटक पक्कं झालं. आता तरी मनापासून सांगा. कोसमबोडीत हे घडलं का रचलं?"

माणसानं शाल सावरली. सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली. ती अश्वजितवर आली तेव्हा थांबली. तिथं बसलेल्या सगळ्यांत फक्त तोच अश्वजितला बघत होता.

"असं काही घडलं नाही," तो म्हणाला. "हे सगळं मी रचलं. ते रूपक आहे."

"मंग ते वाक्य?"

"ते परत घालू या."

"तुमी म्हणसान त ठेवू सर," टेकचंद म्हणाला. "तुमच्या शब्दापुढं आमी कोन?"

टाळ्या पडल्या.

"घडलं!" अश्वजित ओरडला. "घडलं रे! आता घडलं, तुमच्या डोयापुढं घडलं! इचारा याले! मले इचारा कोनी तरी, मी कोनाचा हाय मले इचारा!"

पेटीवाल्यानं भाताचा घास वरणात कालवला. कोणी तरी मीठ मागितलं.

मंगलाबाई जेवत होती. इतक्या वर्षांनी ती गावच्या पंगतीत जेवत होती. तिच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते अश्वजितनं कधी बघितलं नव्हतं. त्याला रडू फुटलं. आपण आहोत एवढं तरी कळावं म्हणून त्यानं समोरच्या भातात हात घातला. वरणानं बोटं भाजली. मिठाची चव लागली. त्यानं अर्ध्यापेक्षा जास्त भात बकाबका खाल्ला.

आईनं हळूच वळून त्याच्या पत्रावळीकडे बघितलं.

"अगं माय," ती म्हणाली. "याले त कोनी हातच नाई लावला."

भाताचा ढीग वाढला तसा होता, वर वरणाचं आळं आणि त्यावर साय. तिनं ती पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली आणि पलीकडे शाल पांघरून बसलेल्या आपल्या लेकापुढे ठेवली.

"खाय बाबू," ती म्हणाली. "कोनी नाई बसलं तिथं."

अश्वजितच्या तोंडात घास अजून होता.